वीतभर तार

मुक्ताईनगरात कुणाची मोटार जळली की तो माणूस आधी कपाळावर हात मारतो आणि मग देवचंदभाऊंच्या दुकानाकडे वळतो, ही गेल्या सत्तावीस वर्षांची रीत होती. दुकान म्हणजे पत्र्याचा एक गाळा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पोट उघडं टाकून ओळीनं पडलेल्या विहिरीच्या मोटारी, आणि कोपऱ्यात पाटावर बसून तांब्याच्या तारेचे वेढे मोजणाऱ्या लिलाबाई. मोटारीत किती वेढे भरायचे ते देवचंदभाऊ ठरवत, पण भरायच्या त्यांच्या बायकोच. वेढे मोजताना लिलाबाईंशी बोलायचं नाही, हा दुकानातला एकमेव कायदा होता. बोललं की आकडा चुकायचा, आणि आकडा चुकला की बाई जे बोलायच्या ते मोटारीलाही ऐकवलं नसतं.

देवचंदभाऊंना मतं फार. त्यातलं सगळ्यात आवडतं मत 'सर्व्हिस' या विषयावरचं. चहा आला की ते सुरू होत.

"कंपनीच्या सेंटरले फोन लावा. एक बाई म्हणते एक दाबा, मग म्हणते दोन दाबा, आन शेवटी तक्रारीचा नंबर देते. आता तो नंबर काय केळीले पाजायचा? सर्व्हिस म्हणजे गिऱ्हाईक म्हणीन ते, आन गिऱ्हाईक म्हणीन तवा!"

ऐकणारे माना डोलवत. आणि खरं सांगायचं तर भाऊ नुसते बोलणारे नव्हते. भर उन्हाळ्यात, लग्नाच्या पंगतीतून उठून ते मोटार काढायला गेले होते. जळालेल्या वेटोळ्यांचा रंग पाहून मोटार कशानं गेली हे ते सांगत, आणि ते कधी चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

पण दोन वर्षांपूर्वी बाजारात डबा आला. त्याला कंपनीनं मोठं लांबलचक नाव दिलंय, पण शेतकरी त्याला डबाच म्हणतात. मोटारीच्या पेटीत तो बसवायचा आणि घरी बसून मोबाईलवरून मोटार चालू-बंद करायची. लोक त्यावरच खूश होते. डब्याचं खरं काम मात्र वेगळंच. शेतीची वीज तीन फेजवर येते. तिघांनी उचलायचं ओझं दोघांवर पडलं तर जे होतं, तेच एक फेज गेल्यावर मोटारीचं होतं. ती कण्हते, तापते आणि असं चार-सहा वेळा झालं की जळते. तरीही लोक कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार ओढत, कारण लाइट फार वेळ नसते आणि मे महिन्यातली केळी थांबत नाही. डबा हे होऊ देत नसे. फेज कमी असला की तो मोटारीला हात लावू द्यायचा नाही, आणि वर मालकाच्या मोबाईलवर निरोप पाठवायचा.

हे डबे मुक्ताईनगरच्या बाजूला बसवत होती देवचंदभाऊंची स्वतःची मुलगी. मृणालीनं धुळ्याला, देवपुरात राहून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता आणि आता ती जळगावच्या एका एजन्सीत टेक्निशियन होती. सुरुवातीला लोक म्हणाले, पोरगी काय विहिरीवर उभी राहणार? मग ती उभी राहिली, आणि लोक दुसरं काहीतरी म्हणायला लागले.

"मोटारी जळायच्याच थांबल्या," लिलाबाईंनी एकदा नवऱ्याला विचारलं, "तर मी वेढे कसले मोजू? तुमच्या मिशांचे?"

देवचंदभाऊ हसले, पण रात्री जेवताना त्यांना घास गोड लागला नाही. त्यांचं अर्धं दुकान त्या दोन फेजवर चालत होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पोरीचा अभिमान होता आणि पोरीच्या डब्याची भीतीही होती. एका छातीत दोन्ही मावत नव्हतं.

एप्रिलच्या एका दुपारी तोतारामआबांचा फोन आला. आबांची नदीकाठी बारा एकर केळी, आणि ते देवचंदभाऊंचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक.

"देवचंदभो, तुही पोर लय हुशार, पन तिचा डबा मोटारीले हात लावू देत नही. म्हने एक फेज नही. अरे, दोन तं हायेत! केळ काय फेज मोजून पानी पेते का?"

"आबा, दोन फेजवर जळीन ती."

"जळाली तं तू हायेच! शिक्षण पोरीचं, पन हात तं तुहाच ना, भो."

स्तुतीला माणूस भुलतो, आणि मिस्तरी तर हमखास भुलतो. देवचंदभाऊ गेले. डब्याचं झाकण काढलं, आतल्या पहारेकऱ्याला वळसा घालून वीतभर लाल तार जोडली आणि झाकण लावलं. आता फेज असो नसो, डबा बिचारा निरोप पाठवत बसे आणि मोटार आपली चालू. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. आबांनी तार पाहिलीही नाही. मोटार चालू झाली, पाणी आलं, चहा आला. गिऱ्हाईक म्हणेल ते, गिऱ्हाईक म्हणेल तेव्हा. फक्त घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट लिलाबाईंना सांगितली नाही, एवढ्यावरूनच त्यांना कळायला हवं होतं.

पाणी आलेलं लपत नाही. आबांच्या शेजारच्या मगननं विचारलं, मगनच्या मेहुण्यानं विचारलं. "भाऊ, तेवढं आमचंही पाहा ना." आणि भाऊ पाहत गेले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पारा पंचेचाळिसावर असताना, आबांचा ट्रॅक्टर दुकानापुढे येऊन थांबला. मागे मोटार होती. जळक्या वासानं गाळा भरून गेला.

"पाह्य तुह्या पोरीच्या डब्यानं काय केलं," आबा खाली उतरता उतरता म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पडला होता. "केळी निसवाले लागली, भो. घड बाहेर पडायच्या टायमाले पानी तुटलं. तीन-चार दिवसाच्या वर बाग थांबत नही."

देवचंदभाऊंनी मोटार उघडली. दोन फेजची वेटोळी काळीठिक्कर, तिसऱ्याची काल भरल्यासारखी चकचकीत. हे वाचायला सत्तावीस वर्षांचा अनुभव लागत नव्हता. मोटार दोन फेजवर चालली होती, म्हणजे ती त्या लाल तारेनं जळली होती, म्हणजे ती त्यांनी जाळली होती.

"कशानं गेली?" आबांनी विचारलं.

"पाहतो," देवचंदभाऊ म्हणाले. एवढंच म्हणाले. लिलाबाईंनी मान वर करून त्या वेटोळ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वेढे मोजायला घेतले.

दोन दिवसांत ही गोष्ट गावोगाव झाली. डबा मोटार जाळतो. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. वर पुरवणी अशी की शेवटी देवचंदच खरा, मोबाईलबिबाईल सगळं झूट. चौकात एकानं भाऊंच्या पाठीवर थाप मारून तसं सांगितलंसुद्धा. आयुष्यभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य अखेर ऐकायला मिळालं, आणि भाऊंना ते मेलं गिळता येईना.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मृणाली घरी आली. चेहरा उतरलेला.

"चौदा जणांनी फोन केले," ती म्हणाली. "डबे काढून न्या म्हणतात. परवा आबांच्या विहिरीवर सगळे जमणार आहेत. साहेबांनी सांगितलंय, डबे परत आले तर तुझं या भागातलं काम बंद. बंद म्हणजे बंदच, पप्पा."

"काय झालं असेल असं तुला वाटतं?" देवचंदभाऊंनी विचारलं. आपला आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"डबा कोणीतरी उघडला असणार. पण आबा शपथेवर सांगतात, कोणी हात लावला नाही. उघडला तर गॅरंटी जाते ना, म्हणून सांगत नसतील. परवा झाकण काढलं की कळेलच."

हेच ते. झाकण काढलं की कळेल. देवचंदभाऊंनी मनातल्या मनात बेत केला: परवा मोटार सोडायला जायचंच आहे, तर पहाटेच जाऊ आणि गुपचूप तार काढून टाकू. तार निघाली की डबा निर्दोष, पोरगी निर्दोष, आणि आपणही. बेत पक्का झाला तसा त्यांना जरा डोळा लागला.

सकाळी विहारात पंचशील सुरू झालं. पांढऱ्या कपड्यांत सगळी वस्ती बसलेली, खिरीचं पातेलं मागे झाकलेलं. पहिली तीन शीलं देवचंदभाऊंनी खणखणीत म्हटली. चौथं आलं, मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन. लहानपणापासून हजारदा म्हटलेलं वाक्य, पण त्या दिवशी ते घशातून वर येईचना. शेजारी लिलाबाईंचा आवाज चालू होता, पलीकडे मृणालीचा. त्यांनी नुसते ओठ हलवले, आणि ओठ हलवणं हेही खोटंच की, असं वाटून तेही थांबवले.

"खीर गोड नाही का झाली?" नंतर लिलाबाईंनी विचारलं.

"झाली."

"मग तोंड का तसं?" त्यांनी वाटी खाली ठेवली. "त्या मोटारीची वेटोळी मी भरलीत. काय जळलंय ते मलाही दिसतं. मी काही विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी देवचंदभाऊ सहालाच मोटार घेऊन आबांच्या मळ्यात पोचले. पण केळीवाल्याला त्याहून आधी जाग येते. विहिरीच्या काठावर आबा होते, मगन होता, आणि आणखी सात-आठ जण लिंबाखाली उकिडवे बसलेले. केळीची पानं कडेनं पिवळी पडून दुमडायला लागली होती. डबा दहा पावलांवर होता आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावरच होते. भाऊंनी निमूटपणे मोटार खाली सोडली, कप्पीची साखळी गोळा केली आणि केबल पेटीला जोडण्यासाठी घाम पुसत उभे राहिले. तोवर मृणालीची गाडी आली.

तिनं सगळ्यांना नमस्कार केला. "आबा, मोबाईल द्या तुमचा," म्हणाली. मोटार जळाली त्या वेळचा निरोप तिनं काढून दाखवला. "हे बघा. एक फेज नाही, मोटार बंद करत आहे, असं डब्यानं सांगितलंय. तरी मोटार चालूच राहिली. का राहिली ते आत दिसेल."

तिनं झाकणाचे स्क्रू सोडले. देवचंदभाऊंना तिची फक्त पाठ दिसत होती. झाकण निघालं, आणि ती पाठ एकदम ताठ झाली.

प्रत्येक मिस्तरीचा एक हात असतो. देवचंदभाऊ डावखुरे. ते तारेला उलटा पीळ देत आणि टोक दुमडून आत घालत, म्हणजे कुणाच्या बोटाला टोचू नये. हा पीळ त्यांनी एकाच माणसाला शिकवला होता, लेक सहावीत असताना, तिला दुकानाच्या पायरीवर बसवून.

 मृणालीनं झाकण परत लावलं, एकेक स्क्रू सावकाश आवळला आणि वळली. ती वडिलांकडे पाहत नव्हती.

"डब्यातच दोष आहे," ती म्हणाली. "माझ्याकडून बसवताना चूक झाली असेल. ज्यांना काढायचे आहेत त्यांचे मी काढून नेते."

"पाह्यलं!" मगन म्हणाला. "म्या म्हनलो व्हतो."

 सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात देवचंदभाऊंना अशी लाज कधी वाटली नव्हती. चोर सापडल्यावर वाटते ती नव्हे. आपली चोरी दुसऱ्यानं, तीही आपल्या लेकरानं, स्वतःच्या अंगावर घेतल्यावर वाटते ती. ते पुढे गेले. पोरीच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, झाकण काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं बाजूला झाले.

"ही लाल तार दिसते ना? डब्याला दोष नाही. पोरीची चूक नाही. ही तार मी टाकली. हिच्यामुळे मोटार दोन फेजवर चालली आणि जळाली. मोटार उघडली तवाच मला कळलं होतं. मी बोललो नाही."

 आबांनी डोक्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि पुन्हा बांधला.

"आन ते त्याले म्याच सांगलं व्हतं," आबा म्हणाले. "कायतरी कर, पन मोटार चालू कर, म्हनलो. आन पोरीले सांगलं, डबा कोनी उघडला नही. देवचंद एकटा कायले नरकात जाईन? मी बी येतो संगं."

दोघे-तिघे हसले. मगन हसला नाही. तो उठून उभा राहिला होता.

"भाऊ, म्हंजे माह्या डब्यात बी...?"

"तुझ्यात पण आहे."

"आन कोनाकोनाच्यात?"

 "नऊ आहेत."

"नऊ?" हा आवाज मृणालीचा. ती आता वडिलांकडे बघत होती, आणि ती नजर काही क्षमेची वगैरे नव्हती. "नऊ, पप्पा? मी उन्हातान्हात एकेक डबा बसवत फिरले, आणि तुम्ही माझ्या मागून..."

"हो."

"का?"

याचं उत्तर सोपं नव्हतं, पण त्या दिवशी देवचंदभाऊंची भीड चेपली होती. "लोक म्हणाले म्हणून. आणि मला बरं वाटलं म्हणून. पोरीला न जमलेलं बापानं करून दाखवलं, असं." त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "आणि मोटारी जळायच्या थांबल्या तर दुकानाचं काय, ही भीतीही होती. ती कुणाला सांगितली नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही."

 मृणालीनं पक्कड काढून वडिलांच्या हातात ठेवली. देवचंदभाऊंनी आबांची तार कापली, केबल जोडली आणि झाकण लावलं. लाइट होती, पण दोनच फेज. आबांनी मोबाईल दाबला. डब्यानं मोटार चालू केली नाही.

सगळ्यांच्या नजरा आबांवर. समोर दुमडलेली पानं, पाणी तुटल्याचा चौथा दिवस. आबांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा बागेकडे.

"बसू," ते म्हणाले. "तिसरा येईन तवा येईन."

तिसरा फेज आला साडेआठला. कुणी बटण दाबलं नाही, काही नाही. डब्यानं स्वतःच ओळखून मोटार उचलली आणि ठिबकच्या नळ्या फुगल्या. मोटारीचा आवाज एकसुरी, बिनकण्हता. आबा केळीच्या ओळीत शिरले, वाकून ओल्या मातीला हात लावला आणि तसेच थोडा वेळ बसून राहिले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "देवचंद, आता पुढच्या साली असं कर. होळी झाली की ये, माह्या साऱ्या मोटारी पाहून जाय. जळायच्या आधी. पोरीले बी घिऊन ये. जळाल्यावर त कोनीबी येते."

"माह्या बी," मगन म्हणाला. मग जरा विचार करून, "पन आदी ती तार काढ."

उरलेल्या आठ तारा काढायला दुपार झाली. गाडी मृणाली चालवत होती, देवचंदभाऊ मागे, मांडीवर हत्यारांची पिशवी. पहिल्या चार विहिरींपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. प्रत्येक ठिकाणी भाऊंनी मालकाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं. एकानं शिव्या दिल्या, त्या त्यांनी ऐकून घेतल्या. एका म्हातारीनं तार निघाली तरी जेवायला बसवलं, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पाचव्या विहिरीवर मृणालीनं टेस्टर पुढे करत विचारलं, "इथे तार अशी का फिरवलीत? अशी मला सुचली नसती." त्यांनी समजावून सांगितलं. सहाव्यावर तिनं त्यांना डब्याचं आतलं कार्ड कसं वाचायचं ते दाखवलं, आणि भाऊंनी तिथल्या तिथे तिला तीन प्रश्न विचारले. त्यातल्या एकाचं उत्तर तिला येत नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं, पण तसं त्यांनी दाखवलं नाही.

"सकाळी तू तार ओळखली होतीस," नवव्या विहिरीवरून निघताना ते म्हणाले. "मग स्वतःवर का घेतलंस?"

"तुमचं नाव सत्तावीस वर्षांचं आहे," ती म्हणाली. "माझं दोन."

 उन्हाची झळ डोळ्यांना लागतेय असं म्हणून भाऊंनी रुमाल काढला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता; भाऊंनी स्पीकर लावला.

"देवचंद मिस्तरी का? मी नवल बोलतो, नदीच्या पल्याडून. मगन माहा मावसभाऊ. त्यानं सांगलं सकायचं. भाऊ, माह्या डब्यात बी तार हाये. तुही नही, आमच्या गावच्या मिस्तरीची. त्याले विचारलं तं म्हने म्या हात बी नही लावला. काढाले येशीन का?"

देवचंदभाऊ नुसतं 'येतो' म्हणून फोन ठेवणार होते. सत्तावीस वर्षांची सवय ओठांवर आलीच होती. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं.

"येतो. पण आधीच सांगतो, तार काढली की दोन फेजवर पाणी मिळणार नाही. तू म्हणशील तेव्हा मोटार चालणार नाही. मग मला नावं ठेवशील तर आत्ताच ठेव."

 

"हेच तं कोनी सांगत नही, भाऊ," नवल म्हणाला. "म्हनून तं तुले लावला."

मृणालीनं पत्ता न विचारताच गाडी पुलाकडे वळवली.